एका तासाने वाढलेला रविवार

शॉमबर्ग,
रविवार, २९ ऑक्टोबर २००६

प्रिय जागृती,

सप्रेम जय भीम. इकडे मी ठीक. तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू मजेत आहेस हे तुझ्या प्रत्येक पत्रात चार-चार पानं भरून लिहिलेलं असतं.

आज पहाटे अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. पहिल्या वर्षी तू मला विचारलं होतंस, की हा उरलेला तास ही माणसं ठेवतात कुठे. सगळं शॉमबर्ग आज तासभर जास्त झोपलं असेल. मी नेहमीच्या वेळी उठलो. कपडे धुऊन झाले, व्हॅक्यूम झालं, आईला फोन झाला, आणि घड्याळात पाहिलं तर जेमतेम साडेनऊ. ज्याला रविवार कसा घालवावा ते कळत नाही, त्यालाच सरकार तासभर वाढवून देतं. तुझ्याकडे पाठवता आला असता तर पाठवला असता. खोटं कशाला बोलू, नसता पाठवला. तुझ्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

तर हा वाढीव तास या पत्राला. तू विचारलं आहेस, की विषुववृत्तापलीकडच्या त्या मुलींच्या शाळेत शिकवायचं वर्ष संपत आलं, तिथल्या मोठ्या बाई आणखी एक वर्ष राहा म्हणतात, राहू की डिसेंबरात परत येऊ. 'तुम्ही सांगाल तसं,' असं लिहिलंस. त्याचं उत्तर मी ८ तारखेला फोनवर दिलं होतं. ते उत्तर मला बदलायचं आहे. पण ते शेवटी. आधी थोडं इकडचं तिकडचं लिहितो, नाहीतर हात चालणार नाही.

तुझी पत्रं मी टीव्हीखालच्या खणात ठेवतो. आजवर सतरा आली. काल संध्याकाळी सगळी परत वाचली. सोमवार ते शुक्रवार तुझ्या पत्रात चार ओळींत आटपतात: मुलींना ओहमचा नियम शिकवला, प्रयोगशाळेतल्या तारा उंदरांनी कुरतडल्या, खडू संपले, तब्येत बरी. मग शनिवार उजाडतो आणि तुझा हात सुटतो. सकाळी सायकलवरून बाजार, येताना हँडलला बांधलेली कोंबडी ओरडत राहते आणि तू तिची माफी मागत पायडल मारतेस. दुपारी आंब्याखाली बाओ, म्हणजे लाकडी पाटावरच्या खळग्यांत बिया टाकत जायचा तो खेळ, ज्यात सत्तरीची एक म्हातारी तुला लागोपाठ नऊ वेळा हरवते आणि दर वेळी टाळी मागते. उन्हं उतरली की मुलींचा नेटबॉल, तू गळ्यात शिट्टी अडकवून पंच. रविवारी मुली चर्चमध्ये गातात, तू मागच्या बाकावर बसून ठेका धरतेस, कारण आपण बुद्धाची माणसं असलो तरी पाय ऐकत नाहीत, असं तू लिहिलंस. आणि मग तळं.

तळ्याकडे मी नंतर येतो.

तुझ्या मार्चच्या पत्रात एक वाक्य आहे. 'इथे येऊन मला पहिल्यांदा रविवार मिळाला.' तू सहज लिहिलं असशील, कारण पुढच्याच ओळीत तू सुकवलेल्या मासळीच्या वासाबद्दल लिहिलंस. मला मात्र ते चपलेतल्या खड्यासारखं आठ महिने टोचतंय. मी मनात तुझ्याशी किती भांडलो असेन. म्हटलं, मग शॉमबर्गला तीन वर्षं काय मिळालं हिला? दर शनिवारी देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूला नेत होतो. पार्किंगसाठी तीन-तीन चकरा मारत होतो. रविवारी आपल्या नागपूरकडच्या रवी आणि सुजाताकडे जेवण, नाहीतर ते आपल्याकडे. याला रविवार म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

मग डेव्हन आठवलं. तू आत कारली निवडायचीस आणि मी बाहेर दुसऱ्याच्या गाडीला गाडी लावून हॉर्न वाजवायचो. तू एकदा साडीच्या दुकानाच्या काचेपाशी थांबलीस, नुसतं बघायला, तर मी तिथूनही वाजवला. आठवडाभर तू त्या दोन तासांची वाट पाहायचीस आणि मला ते लवकर उरकायचे असायचे. एच-फोर व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही, हा काही मी केलेला कायदा नव्हता. पण चार माणसांत 'हिला काय, सातही दिवस रविवार' असं मीच म्हणायचो. सगळे हसायचे. तूही हसायचीस. फिजिक्स घेऊन एमएस्सी झालेली, नागपूरच्या शाळेत सात वर्षं शिकवलेली बाई या विनोदावर का हसते, असं मला कधी वाटलं नाही.

आता तळं.

तू पोहायला शिकलीस हे मी मे महिन्याच्या पत्रात वाचलं. पत्रपेटीपाशीच उभ्या उभ्या वाचलं आणि जिना चढताना मला तुझा राग आला. तुला काही व्हायला नको, असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, हिला कसं आलं? माझ्या आधी कसं आलं? तू नागपूरची, तुमच्याकडे नळ. आमच्या भिवापूरकडच्या गावात दगडी पायऱ्यांची मोठी विहीर होती. उन्हाळ्यात गावातली पोरं तिच्यात मुटके मारायची. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना तिथे उतरायची सोय नव्हती, हे तुला वेगळं सांगायला नको. मी लांब चिंचेखाली बसून मोजत राहायचो, कोण किती वेळ पाण्याखाली राहतो. आमची विहीर पिण्याची, तिच्यात वडील पाय बुडवू देत नसत. पुढे हॉस्टेल, कॉलेज, नोकरी, अमेरिका. पाण्याशी माझा संबंध राहिला तो शॉवरपुरता. आणि तू आपली लिहितेस, 'पाठीवर तरंगलं की कान पाण्यात जातात आणि सगळं शांत होतं.' हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ते माझ्याच बायकोनं सांगावं आणि मी जळावं, असं झालं.

म्हणून मी तुला ती अकरा पानं पाठवली. तळ्यातल्या गोगलगाई, त्यांच्यातून अंगात शिरणारा जंतू, त्यानं होणारा रोग, सगळं ऑफिसच्या प्रिंटरवर छापून. तू शांतपणे उत्तर दिलंस, की दवाखाना आहे, सहा महिन्यांनी गोळ्या देतात, आम्ही वाळूच्या बाजूला पोहतो, तुम्ही काळजी करू नका. तू त्याला काळजी समजलीस. काळजी त्यात पानभर असेल. बाकीची दहा पानं कशाची होती ते आता तुला कळलं.

त्यात ते मिस्टर म्वाले. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतात, शाळेचा पिकअप चालवतात, पन्नाशीचे आहेत, पाच मुलं आहेत, तुम्ही पोहत असता तेव्हा त्यांच्या बाई काठावर मांडासी तळतात. (म्हणजे आपले मांडे नव्हेत, तिकडचे गोड भजे, हेही तू समजावलंस.) तर त्यांच्याबद्दल भलतंसलतं माझ्या मनात कधी आलं नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. माझं दुखणं वेगळं आहे. तू लिहिलंस, 'त्यांनी मला सहा रविवार शिकवलं. मी चार वेळा पाणी प्याले, दोनदा रडले. ते एकदाही ओरडले नाहीत.'

जागृती, ते शेवटचं वाक्य तू माझ्यासाठी लिहिलंस की नाही, मला माहीत नाही. मी माझ्यासाठीच वाचलं.

तुला ती मॉलची पार्किंग आठवते? रविवारी सकाळी, मॉल उघडायच्या आधी, तिथे आपल्या लोकांच्या चार-पाच गाड्या कायम असायच्या. बायको स्टीयरिंगवर, नवरा शेजारी, दोघंही रडवेले. आपली तांबडी गाडी त्यातलीच. तू मिररमध्ये बघायला विसरलीस की मी ओरडायचो. बघितलंस तर किती वेळ बघतेस म्हणून ओरडायचो. खांबाला बंपर घासला त्या दिवशी मी गाडी बंद करायला लावून म्हणालो होतो, "सोड. तुला जमणार नाही."  उतरून पलीकडच्या दारानं येऊन बसलीस आणि पट्टा लावलास. त्यानंतर गाडीचा विषय तू कधी काढला नाहीस. मीही काढला नाही. 'जागृतीला ड्रायव्हिंग जमलं नाही,' असं मी सगळ्यांना सांगतो. रवीला, ऑफिसात, तुझ्या आईलासुद्धा. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आता तुला एक हसण्यासारखं सांगतो. सप्टेंबरपासून मी इथल्या गावच्या तरणतलावावर पोहायच्या क्लासला जातो. तुला कळवलं नाही. बेत असा होता, की डिसेंबरात तू आलीस की तुला एकदा सहज म्हणून तिथे न्यायचं, शर्यत लावायची आणि तुझ्या आधी पलीकडे पोचायचं. बस्स, एवढाच. मोठ्या माणसांच्या वर्गात आम्ही चौघं आहोत: दोन कोरियन आज्या, एक निवृत्त पोस्टमन आणि मी. सात शनिवार झाले. आज्या पलीकडे जाऊन गप्पा मारत परत येतात. पोस्टमन अर्ध्यापर्यंत जातो. मी काठ धरून पाय हलवतो.

पाण्यात तोंड घालायचं म्हटलं की मी गॉगल पुसत बसतो. काल मी तसाच काठाला चिकटून होतो. शिकवणारी मुलगी कॉलेजातली असेल, आपल्या भाचीएवढी. ती येऊन माझ्या शेजारी पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, घाई नाही, मी इथेच आहे. तिनं हात पुढे केला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, मागच्या वेळी काय चुकलं ते सांगितलं नाही. नुसती उभी राहिली. पाच मिनिटं तरी झाली असतील. मग मी तोंड घातलं. नाकात पाणी गेलं, खोकलो, पण घातलं. आणि छत्तीस वर्षांचा घोडा मी, गॉगलच्या आत माझे डोळे भरून आले. त्या पाच मिनिटांत मला ती पार्किंग सोडून दुसरं काही आठवत नव्हतं.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीच्या शनिवारची आहे, २१ तारखेची. मी रवी-सुजाताकडे जेवायला गेलो होतो. धम्मचक्र प्रवर्तनाच्या पन्नासाव्या वर्षाचा कार्यक्रम आदल्या शनिवारी झाला होता, त्याचे फोटो रवी कॉम्प्युटरवर दाखवत होता. हॉल भरला होता, सगळे तुझी चौकशी करत होते. दाखवता दाखवता त्यानं चुकून पुढचा फोटो उघडला आणि तो आपल्या हॉलचा नव्हता.

पांढरा पिकअप होता, चिखलानं खिडकीपर्यंत माखलेला. मागे नेटबॉलच्या पोशाखात बारा-तेरा मुली दाटीवाटीनं उभ्या, सगळ्यांची तोंडं उघडी, गात असाव्यात. आणि उजव्या बाजूला, स्टीयरिंगवर, कोपर खिडकीबाहेर काढून तू.

रवीनं घाईनं तो फोटो बंद केला.  सुजातानं ताटात भाकरी वाढली. मी ती तशीच ठेवली, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जेवून राहिले की विचार करून राहिले?"

मग तिनं सगळं सांगितलं. ऑगस्टात म्वालेंचा हात मोडला. शनिवारी मुलींची मॅच बावीस मैलांवर, आणि पिकअप चालवायला कोणी नाही. मुली रडायला लागल्या. तू म्हणालीस, मी चालवते. तेव्हापासून दर शनिवारी तूच नेतेस. सप्टेंबरात तालुक्याच्या गावी जाऊन परीक्षा दिलीस आणि पहिल्या फटक्यात पास झालीस. सुजाताला तू हे सगळं ईमेलनं कळवलंस, फोटोसकट. मला सतरा पत्रांत कोंबडीबद्दल लिहिलंस, म्हातारीच्या टाळ्यांबद्दल लिहिलंस, पिकअपबद्दल एक अक्षर नाही.

मी म्हणालो, म्हणजे म्वालेंनी पोहण्यापाठोपाठ गाडीपण शिकवली तर. माझ्या आवाजात काय होतं ते सुजाताला कळलं असणार. ती हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "शिकवली नाही, भाऊजी. तिला येतच होती. त्यांनी फक्त किल्ली दिली."

मी जेवण टाकून उठलो. रागावून गेलो असं त्या दोघांना वाटलं असेल, तू सुजाताला सांग की तसं नव्हतं. ती बोलली ते खरं आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं आणि तो माणूस जिन्यात उभा राहून बूट घालत होता.

तर ऐक. हे मी पहिल्यांदाच लिहितोय, शाई फुटली तर समजून घे.

ऑक्टोबर २००४ मधला तो शनिवार आठव. तुझी ड्रायव्हिंगची टेस्ट. घरापासून टेस्टच्या ऑफिसपर्यंत गाडी तूच चालवलीस. मी ओरडायला कारण शोधत होतो आणि मला सापडत नव्हतं. तिथे पोचल्यावर दोन गाड्यांच्या मधली एक अरुंद जागा होती. तू एका दमात गाडी आत घातलीस, सरळ, दोन्ही बाजूंना सारखी. इंजिन बंद केलंस आणि माझ्याकडे बघून हसलीस. मला आनंद व्हायला हवा होता. मला दिसलं ते एवढंच, की आता ही पास होणार. सोमवारी लायब्ररी, मंगळवारी कॉलेजात चौकशी, शनिवारी सुजाताबरोबर डेव्हन. माझी वाट बघत खिडकीत कोणी उभं राहणार नाही. ऑफिसातून येताना वळणावरून ती खिडकी दिसायची. तेवढ्यासाठी मी दिवस काढायचो, हे तुला कधी सांगितलं नाही.

टेस्टच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या बाईनं गाडीच्या इन्शुरन्सचं कार्ड मागितलं. मी पाकीट उघडलं, चाळल्यासारखं केलं, गाडीत जाऊन समोरचा खण उघडून आलो आणि म्हणालो, घरी राहिलं. कार्डाशिवाय टेस्ट होत नाही. तू म्हणालीस, जाऊन आणू या. मी म्हणालो, आता ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. वेळ झाली नव्हती. मग बर्फ सुरू झालं, मग वसंतात तो खांब आला, मग तुझ्या शिकाऊ परमिटची मुदत संपली.

कार्ड माझ्या पाकिटात होतं, जागृती. लायब्ररीच्या कार्डामागे. तुझ्यापासून एक हात लांब.

येतानाही गाडी तूच चालवलीस. वाटेत मलाच समजावलंस, की होतं असं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

सुजातानं आणखी एक गोष्ट सांगितली. परीक्षेच्या दिवशी म्वाले गळ्यात बांधलेला हात घेऊन तुझ्याबरोबर आले आणि गाडीचे कागद त्यांनी स्वतः खिडकीतून पुढे केले. तिला बिचारीला काय माहीत, हे ऐकून मला काय झालं असेल.

आता ८ तारखेचा फोन. तू टेलिफोनच्या दुकानातून बोलत होतीस, मागे कोणीतरी रेडिओ लावला होता. आणखी एक वर्ष राहू का म्हणून विचारलंस. मी म्हणालो, "वकिलानं सांगितलंय, वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलीस तर एच-फोर रद्द होईल."  तू म्हणालीस, "बरं. मग मी नोव्हेंबरअखेर मोठ्या बाईंना सांगते, जमणार नाही." आणि विचारलंस, तिकडे थंडी सुरू झाली का.

वकिलाला मी फोनच केला नव्हता. कार्ड घरी राहिलं, तसंच हे. दोन वर्षांनी पुन्हा तेच, तितक्याच सहज. आणि तू पुन्हा माझंच सांत्वन करायला थंडीची चौकशी केलीस.

परवा शुक्रवारी मी त्याला खरंच फोन केला. तो म्हणाला, काही होत नाही. माझा नोकरीचा एच-वन चालू आहे तोवर तू कितीही दिवस बाहेर राहिलीस तरी चालतं, परत येताना पासपोर्टवर शिक्का घ्यावा लागेल तेवढंच. पुढच्या रविवारी तुझा फोन येईल तेव्हा एवढं मी बोलून टाकीन, म्हणजे नोव्हेंबरअखेर बाईंना उत्तर देताना तुझा खोळंबा होणार नाही. बाकीचं फोनवर तोंडातून निघायचं नाही, म्हणून हे पत्र.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. 'तुम्ही सांगाल तसं' हे वाक्य मी तुला परत करतो. मला काय वाटतं ते मात्र सांगतो, कारण लपवाछपवी पुरे झाली. मला वाटतं तू डिसेंबरात यावंस. रोज वाटतं. घर रिकामं आहे, मला डाळीत मीठ किती ते अजून कळत नाही, आणि वळणावरून ती खिडकी बघायची मी सोडून दिली आहे. पण ते मला वाटतं, व्हिसाला नाही. त्या मुली, तो पिकअप, तुझे रविवार या सगळ्यांचा मला हेवा वाटतो आणि तो आजच्या एका तासात जाणारा नाही. तू राहायचं ठरवलंस तर मी जळत राहीन, पण आडवा येणार नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडे येईन. म्वालेंना नमस्कार करीन, ते मला जमेल. तळ्यात उतरायचं जमेल की नाही सांगता येत नाही. तू शेजारी उभी राहा, हात पुढे करू नकोस.

आणि हे वाचून माझा राग आला, यायलाच हवा, तर पुढचं पत्र चार ओळींचं पाठव. सोमवार ते शुक्रवारचं. मी समजेन.

इन्शुरन्सचं ते कार्ड या पाकिटात घातलंय. त्याची मुदत नोव्हेंबर २००४ मध्येच संपली, तुला त्याचा काही उपयोग नाही. दोन वर्षं ते फेकून द्यायला माझा हात झाला नाही आणि दाखवायलाही झाला नाही. तुझ्या टेस्टला ते मागितलं होतं, माझं द्यायचं राहिलं होतं. तुला हवं तर फाडून तळ्यात टाक.

बाहेर अंधार पडायला लागला, पाचच वाजलेत.

तुझ्यावर जळणारा,
तुझाच
भानुदास